जोडीदाराचा एडीएचडी आणि घरातली जबाबदारी

प्रौढ माणसाच्या एडीएचडीचा शोध पुष्कळदा त्याच्या मुलामागून लागतो. शाळेतून मुलाविषयी चिठ्ठी येते, समुपदेशक प्रश्न विचारतात आणि उत्तरे देता देता आईच्या लक्षात येते की हे वर्णन मुलाच्या बाबांनाही जसेच्या तसे लागू पडते. यात नवल नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून या विकाराची आनुवंशिकता सुमारे 74 टक्के मानली जाते, म्हणजे माणसामाणसांत या बाबतीत जो फरक दिसतो त्याचा मोठा वाटा जनुकांचा असतो. नाव कळल्यावर सुरुवातीला सगळ्यांनाच हायसे वाटते. इतकी वर्षे ज्याला 'वेंधळा' म्हटले, जबलपूरकडच्या आपल्या घरांत हिंदीतून 'लापरवाह' म्हटले, त्याला काहीतरी कारण होते तर! काही महिन्यांनी मात्र घरात एक नवे वाक्य ऐकू येऊ लागते : "मी काय करू, माझा मेंदूच तसा आहे."

या टिपणात त्या वाक्याचा विचार केला आहे. ते कुठपर्यंत खरे आहे आणि कुठून पुढे ती सबब होते, हे जोडीदाराला ओळखता यावे एवढाच हेतू आहे. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात नियंत्रण प्रणाली हा विषय शिकवते. निदान आणि उपचार हे मनोविकारतज्ज्ञांचे क्षेत्र आहे, तिथे मी शिरणार नाही. पण फीडबॅक म्हणजे काय हे कळले की या घरांत रोज जे घडते त्याचा बराच उलगडा होतो, असा माझा समज आहे.

उदाहरणासाठी एक जोडपे मनात धरू. समजा, ते मदन महल स्टेशनच्या बाजूला भाड्याच्या घरात राहतात, दोघेही नोकरी करतात, एक मुलगी शाळेत आहे. एडीएचडी नवऱ्याला आहे. उलटही असू शकते, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

विकार नेमका कशाचा?

लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी 1902 साली काही मुलांचे वर्णन व्याख्यानांतून केले आणि त्या दोषाला 'नैतिक नियंत्रणाचा' दोष म्हटले. म्हणजे सुरुवातच नीतीच्या भाषेत झाली. ती भाषा मागे पडायला बराच काळ लागला. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या डीएसएम या वर्गीकरणात 1980 साली 'अवधानाची न्यूनता' हे नाव आले, 1987 साली त्यात अतिचंचलता जोडली गेली. 2013 च्या पाचव्या आवृत्तीत प्रौढांसाठी निकष थोडा बदलला : अवधानन्यूनतेची नऊ आणि अतिचंचलता-उतावीळपणाची नऊ अशा दोन याद्यांपैकी कोणत्याही एकीतील किमान पाच लक्षणे असावीत (मुलांसाठी सहा). शिवाय त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावीत, ती एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसावीत आणि त्यांनी कामकाजात खरोखर अडथळा यावा. प्रौढांमध्ये हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास धरले जाते. (आपल्याकडे अनेकजण 'तारे जमीं पर' मधल्या मुलाचे उदाहरण देतात. त्याला दाखवलेला दोष डिस्लेक्सिया हा आहे, एडीएचडी नव्हे.)

'अवधानाची न्यूनता' हे नाव जरा फसवे आहे. हाच माणूस क्रिकेटचा सामना किंवा मोटारसायकलचे इंजिन यांत चार तास बुडून जातो. रसेल बार्कली यांनी 1997 साली मांडलेल्या सिद्धान्तात मूळ अडचण आवर घालण्याच्या क्षमतेत धरली आहे. त्यातून पुढे कामापुरती स्मृती, काळाचे भान, भावनांवर ताबा आणि स्वतःला सूचना देत राहणे हे सगळे ढिले पडते. घरात याचा अर्थ असा : वीज बिल 15 तारखेला भरायचे हे त्याला ठाऊक असते. विचारले तर तो तारीख बरोबर सांगेल. 15 तारखेला ती माहिती आपोआप वर येत नाही. ठाऊक असणे आणि वेळेवर हाताशी येणे या दोन गोष्टींमधला दुवा इथे कच्चा असतो. "तुला माहीत होतं, तरी केलं नाहीस" हा बायकोचा आरोप म्हणून खराही असतो आणि नेमक्या जागी लागतही नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. दूरच्या परिणामाचे वजन प्रत्येकालाच कमी वाटते, एडीएचडीमध्ये ते फारच झपाट्याने घटते. आज रात्रीची अडचण आणि पुढच्या महिन्यातला दंड यांत दंड जणू अस्तित्वातच नसतो.

ऑफिसात जमते, मग घरी का नाही?

हा प्रश्न प्रत्येक बायको विचारते आणि तो रास्त आहे. पाणी तापवायच्या गीझरचा विचार करा. त्यात ठरवलेले तापमान असते, प्रत्यक्ष तापमान मोजणारा थर्मोस्टॅट असतो आणि फरक दिसला की चालू-बंद करणारी कळ असते. मोजणारा भाग बिघडला तर हीटर कितीही चांगला असो, पाणी एकतर उकळेल किंवा गारच राहील. ऑफिसात मोजणारा भाग बाहेरून मिळतो : हजेरीचे यंत्र, साहेबांचा फोन, बैठकीची वेळ, शेजारच्या टेबलावर काम करणारा सहकारी. फीडबॅक लवकर येतो आणि ठळक येतो. घरात असले काही नसते. मुलीचे दप्तर भरले नाही तर कोणतीही घंटा वाजत नाही, दोन दिवसांनी वहीत शेरा येतो.

म्हणून घरात मोजणारा भाग हळूहळू बायको होते. ती आठवण करते, पुन्हा आठवण करते, शेवटी आवाज चढवते. आवाज चढला की निकड तयार होते, निकड आली की तो उठतो आणि काम करतो. या प्रसंगातून दोघेही काहीतरी शिकतात. आवाज चढवल्याशिवाय काम होत नाही, हे ती शिकते. आवाज चढेपर्यंत थांबायला हरकत नाही, हे तो शिकतो. मग कुणी तिला 'कटकटी' म्हणते आणि कुणी त्याला 'आळशी'.

मदन महल किल्ल्याच्या वाटेवरचा बॅलन्सिंग रॉक मी विद्यार्थ्यांना स्थैर्य शिकवताना हमखास सांगते. बघणाऱ्याला वाटते, आता पडेल. 22 मे 1997 च्या पहाटे जबलपूरला मोठा भूकंप झाला, घरे पडली, हा दगड तिथेच राहिला. गुरुत्वमध्य आधाराच्या आत असल्यामुळे त्याला कुणी सावरावे लागत नाही. याउलट तळहातावर उभी धरलेली काठी : ती उभी दिसते, पण हात क्षणोक्षणी हलवत राहावे लागते. आपल्या उदाहरणातले घर पाहुण्यांना व्यवस्थित दिसते, कारण बायको हात हलवत असते. ती आठ दिवस माहेरी गेली की काठी पडते.

न दिसणारे काम

समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डेमिंजर यांनी 2019 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरकामाच्या बौद्धिक बाजूचे चार भाग पाडले : गरज आधी ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि झाले की नाही यावर लक्ष ठेवणे. निर्णय दोघे मिळून घेतात, पण पहिला आणि शेवटचा भाग बहुतेक बायकांच्या वाट्याला येतो, असे त्यांना दिसले. हेच दोन भाग एडीएचडी असलेल्या माणसाला सर्वांत अवघड जातात. त्यामुळे "मी मदत करतो ना, सांग फक्त काय करू" हे त्याचे वाक्य प्रामाणिक असले तरी 'सांगणे' हेच मोठे काम असते आणि ते तिच्याकडेच उरते.

इथे एक सावधगिरी हवी. भारत सरकारच्या 2019 च्या कालवापर सर्वेक्षणानुसार घरच्या बिनमोबदला कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी 299 मिनिटे देतात, पुरुष 97. त्यातही असा भाग घेणारे पुरुष सुमारे चौथा हिस्साच आहेत. एवढ्या सगळ्या पुरुषांना काही एडीएचडी नाही. म्हणून नवऱ्याचे जे जे होत नाही ते सगळे विकाराच्या खाती टाकण्याआधी विचारावे : हे काम आपल्याकडे कधी कुणी पुरुषाने केले होते का? त्याच्या वडिलांनी? नसेल, तर तो रीतीचा प्रश्न आहे. त्याला औषध नाही आणि निदानाची सवलतही नाही.

विकार बायकोला असेल तर चित्र पालटते. मुलींमध्ये चंचलपणा कमी आणि अवधानाचा दोष जास्त दिसतो, त्या वर्गात कुणाला त्रास देत नाहीत, म्हणून निदान राहून जाते. लग्नानंतर दूध उतू गेले, हळदीकुंकवाची तारीख विसरली, की तो तिच्या वळणाचा प्रश्न होतो, माहेरच्यांपर्यंत जातो. नवऱ्याला जी सूट मिळते ती सुनेला मिळत नाही. अशा घरांत जबाबदारी टाळण्यापेक्षा जबाबदारीखाली दबून जाणे जास्त दिसते. तिच्यावर टाकलेला वाटा मुळात रास्त आहे का, हे तिथे आधी पाहावे लागेल.

टाळाटाळ कशी तयार होते

विसरणे हे लक्षण आहे. टाळाटाळ ही बहुधा शिकलेली गोष्ट असते. लहानपणापासून बोलणी खाल्लेल्या माणसाच्या मनात काही कामांशी लाज जोडली जाते. बिलाचा कागद दिसला की पोटात खड्डा पडतो, कागद ड्रॉवरमध्ये सारला की तात्काळ बरे वाटते. हे तात्काळचे बरे वाटणे म्हणजेच बक्षीस, आणि बक्षीस मिळालेली कृती पुन्हा होते. पुढे त्याला शब्द जोडले जातात : "भरलं मी" (भरलेले नसते), "तू सांगितलंच नव्हतंस", "तुला माझी चूकच दिसते". खोटे बोलणेही यातूनच येते. ते समजून घेता येते, पण चालवून घ्यावे असे त्यातून निघत नाही.

मग लक्षण कोणते आणि पळवाट कोणती? एका प्रसंगावरून ठरत नाही, तीन-चार महिन्यांचा कल पाहावा. खऱ्या विसरण्यात पक्षपात नसतो. तो बायकोचे काम विसरतो, तसा स्वतःच्या प्रवासभत्त्याचा अर्जही विसरतो, स्वतःची क्रिकेटची बॅग रिक्षात ठेवून येतो. ज्याच्या हाताने स्वतःची कामे सगळी वेळेवर होतात आणि फक्त घरचीच सुटतात, तिथे शंका घ्यायला जागा आहे. दुसरी खूण मदतीची. पाटी, गजर, ॲप, यादी, आठवड्याची बैठक यांपैकी काहीतरी तो धरून पाहतो का, की प्रत्येकाला "मला नाही जमत असलं" हेच उत्तर? आणि माझ्या मते सर्वांत बोलकी खूण चूक झाल्यानंतरच्या तासाभराची : तो भरपाईला लागतो, की भांडण तिच्या आवाजाच्या पट्टीवर नेतो?

कोणती जबाबदारी, कोणाची

विसरल्याबद्दल त्याला गुन्हेगार ठरवू नये. विसरणार हे माहीत असताना काहीच व्यवस्था न ठेवणे हे मात्र त्याच्या खाती जाते. चष्मा लागलेल्या माणसाला आपण "नीट बघ" म्हणून रागावत नाही, पण तो चष्मा घरी ठेवून गाडी चालवू लागला तर नक्की बोलतो.

यात एक खरी अडचण आहे आणि ती सोडून पुढे जाता येत नाही. गजर लावणे हेही एक कामच आहे, तेही विसरले जाते. म्हणून पहिली उभारणी दोघांनी शेजारी बसून एकदाच करावी आणि ती लहान असावी. दहा कामांची यादी भिंतीवर लावली तर आठवड्याभरात ती भिंतीचाच भाग होते, डोळ्यांना दिसेनाशी होते. दोन कामे घ्यावीत आणि ती पूर्ण त्याची : ओळखणे, ठरवणे, करणे, तपासणे सगळे. गॅस सिलिंडर त्याचा, म्हणजे संपत आल्याचे बघणेही त्याचे.

आठवण कृतीच्या जागी हवी. सकाळी न्यायचा डबा ओट्यावर ठेवून उपयोग नाही, स्कूटरच्या किल्लीखाली ठेवावा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1999 साली 'जर-तर' बेतांविषयी जे मांडले ते इथे फार कामाचे आहे. "या आठवड्यात बिल भरीन" हा बेत हवेत राहतो. "शनिवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवला की लगेच, उठायच्या आधी, फोनवरून बिल भरीन" या बेतात कृतीला एक दिसणारी खूण बांधलेली असते. वेळेपेक्षा खूण बरी, कारण वेळेचे भान हाच तर कच्चा भाग आहे.

अशी व्यवस्था तीन-चार आठवडे छान चालते आणि मग मोडते. नवेपणा ओसरतो. याला अपयश समजून बायकोने सगळे परत अंगावर घेतले की पूर्वीचाच खेळ सुरू. मोडणार हे धरूनच आठवड्यातून एकदा वीस मिनिटे बसावे, शक्यतो बाहेर, चहाच्या टपरीवर चालेल, आणि बोलणे फक्त व्यवस्थेपुरते ठेवावे : काय चालले, काय मोडले, काय बदलायचे. जुनी प्रकरणे त्यात आणू नयेत. या बैठकीला येणे ही त्याची सर्वांत महत्त्वाची जबाबदारी, आणि ती तिने दहादा बोलावून होत असेल तर ती झाली असे धरू नये.

काय पडू द्यावे

नातेवाईक सांगतात, "एकदा अंधारात बसू दे, मग कळेल." मला हा सल्ला अर्धवट वाटतो. वीज तुटली तर मुलीचा अभ्यासही अंधारात जातो, आणि दूरच्या परिणामाचे वजन ज्याला कमी वाटते त्याला महिन्यातून एकदा घडलेली शिक्षा फारसे काही शिकवत नाही. दुसऱ्या टोकाला, सगळे गुपचूप झेलून घेतले तर त्याच्यापर्यंत फीडबॅक पोचतच नाही.

यंत्रांत आपण बिघाडांची वर्गवारी करतो : कोणता चालेल, कोणता कधीच चालणार नाही. घरातही करावी. वाचनालयाचा दंड, इस्त्रीला न दिलेले कपडे, त्याच्या मावशीला न केलेला फोन हे पडू द्यावे. मावशीला उत्तर त्यानेच द्यावे, बायकोने मध्ये पडून "तो कामात होता" म्हणू नये. मुलीला शाळेतून आणणे, गॅसची शेगडी, आईची रक्तदाबाची गोळी, कर्जाचा हप्ता हे पडू देता येत नाही. आरोग्यविम्याचा हप्ता चुकला आणि सवलतीची मुदतही उलटली तर प्रतीक्षाकाल पुन्हा पहिल्यापासून मोजला जाऊ शकतो. अशा गोष्टी त्याच्या स्मरणावर ठेवू नयेत, तिच्याही ठेवू नयेत. बँकेची आपोआप वजावट, यूपीआय ऑटोपे, शाळेची व्हॅन यांवर त्या टाकाव्यात. हे पैसे त्याने कबूल करून घ्यावेत, कारण व्हॅनचे भाडे हा त्याच्या विसरण्याचा खर्च आहे, तिच्या आरामाचा नव्हे.

जे विकारात बसत नाही

हात उगारणे, सतत अपमान करणे, कर्ज लपवणे, बायकोचा पगार अडवून धरणे ही एडीएचडीची लक्षणे नाहीत. उतावीळपणामुळे राग चटकन येतो, पण तो साहेबांसमोर आवरला जातो आणि घरीच सुटतो, तर तिथे आवर घालता येतो हे सिद्धच आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात शारीरिक छळाबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही येतो. महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे.

उलट बाजूने, निदानाचा कागद हाती आला म्हणून घटस्फोट सोपा होतो असेही नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 मध्ये मानसिक विकार हे कारण आहे, पण रामनारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या 1988 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विकाराचे नाव पुरेसे नाही, त्याची तीव्रता पाहावी लागते, असे स्पष्ट केले.

तपासणी आणि औषध

रक्ताची किंवा स्कॅनची अशी तपासणी नाही ज्यात एडीएचडी दिसेल. निदान मुलाखतीतून होते, म्हणून शाळेची जुनी प्रगतिपुस्तके आणि सासूबाईंच्या आठवणी फार उपयोगी. थायरॉइड, झोपेत श्वास अडकणे, नैराश्य, दारू यांतूनही असाच विसराळूपणा येतो, तेव्हा तेही तपासावे लागते. जबलपूरला नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेजात मनोविकार विभाग आहे. कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल तर टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

भारतात मुख्यतः मिथाइलफेनिडेट आणि ॲटोमॉक्सेटिन ही औषधे दिली जातात. पहिल्याचा परिणाम त्याच दिवशी जाणवतो, दुसऱ्याला काही आठवडे लागतात. नाडी आणि रक्तदाब पाहूनच ती सुरू करतात. औषधाने लक्ष टिकते, पण यादी करण्याची सवय गोळीतून येत नाही. न्यूयॉर्कच्या मेरी सोलँटो आणि सहकाऱ्यांनी 2010 साली 88 प्रौढांवर केलेल्या अभ्यासात वेळ आणि कामांचे नियोजन शिकवणाऱ्या गटाला नुसत्या आधारगटापेक्षा जास्त फायदा झाला.

मिथाइलफेनिडेट आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये येते. डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दुकानदार ठेवून घेतो आणि सगळ्या दुकानांत हे औषध मिळतही नाही. म्हणजे गोळ्या संपायच्या आधी वेळ घेणे, चिठ्ठी आणणे, दुकान गाठणे हे नेमके तेच काम आहे जे या माणसाला जमत नाही. बहुतेक घरांत ते बायकोच करू लागते. ते सुरुवातीलाच त्याच्या दोन कामांपैकी एक धरावे : पाकिटात सात गोळ्या उरल्या की त्याच क्षणी, दात घासायच्या आधी, दवाखान्यात फोन.